मागच्या बाकावरून

आमच्या विभागात प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये एक ॲप असतंच. त्यानं फोटो काढला की खालच्या पट्टीवर गावाचं नाव, तारीख, वेळ आणि अक्षांश-रेखांश आपोआप उमटतात. नॅक म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणारी परिषद; तिच्या कामासाठी असे 'जिओटॅग' फोटो लागतात. 'अध्यापनात आयसीटीचा (माहिती-संप्रेषण तंत्रज्ञानाचा) वापर' या मुद्द्याखाली ते जोडायचे, म्हणजे वर्ग खरोखर झाला, इथेच झाला आणि प्रोजेक्टर चालू होता, याला पुरावा मिळतो. आमच्या फायलीत असे फोटो ढीगभर आहेत. सगळे सारखे. भिंतीवर निळा उजेड, त्या उजेडात अर्धवट दिसणारा शिक्षक आणि समोर मुलं. मुलं मात्र पाठमोरी. फोटो मागून काढलेला असल्यामुळे नुसत्या वेण्या, कॉलर आणि दप्तरं दिसतात. शिकणाऱ्याचा चेहरा एकाही फोटोत नाही, आणि तो कुणी मागितलेलाही नाही.

मी तालुक्याच्या गावी भौतिकशास्त्र शिकवते. कॉलेज विद्यापीठाला संलग्न. विद्यापीठाचं आवार एसटीनं निम्म्या दिवसाच्या अंतरावर. तिथे ठरलेलं आमच्यापर्यंत परिपत्रकानं येतं, हल्ली परिपत्रकाच्या पीडीएफनं, तीही व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर 'अतितातडीचे' असं लिहून. ओव्हरहेड प्रोजेक्टर, एलसीडी, स्मार्ट बोर्ड, एलएमएस (ऑनलाइन अभ्यासाची प्रणाली), सगळं याच वाटेनं आलं. काही अंगवळणी पडलं, काही कपाटात गेलं. स्मार्ट बोर्डाचं पेन तर ऑफिसात कुलपात असतं आणि किल्ली ज्यांच्याकडे असते ते रजेवर असतात. तक्रार म्हणून हे सांगत नाही. कुठल्याही कॉलेजात जा, थोड्याफार फरकानं हेच आहे. पण नवीन काही आलं की मी आता एवढंच बघते, की यातून मला मुलांकडून काही कळणार आहे का? माझं बोलणं मुलांपर्यंत नेणारी यंत्रं भरपूर आहेत. मुलांचं न कळणं माझ्यापर्यंत आणणारी फार थोडी. आणि शिकवण्यात फरक पडतो तो त्या थोड्यांमुळेच.

याची सुरुवात माझ्या पिढीनं टीव्हीवर पाहिली आहे. १५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचा 'कंट्रीवाइड क्लासरूम' हा कार्यक्रम दूरदर्शनवर लागायचा. इन्सॅट-१बी उपग्रहामुळे तो देशभर एकाच वेळी दिसे. त्यासाठी कार्यक्रम बनवणाऱ्या पहिल्या काही केंद्रांपैकी एक पुणे विद्यापीठात होतं. कल्पना मोठी होती: ज्या कॉलेजात चांगला शिक्षक नाही, ग्रंथालय नाही, तिथल्या मुलाला देशातला उत्तम प्राध्यापक ऐकायला मिळावा. आम्ही शाळकरी मुलं सुट्टीच्या दुपारी शेजाऱ्यांकडे ते बघायचो, कारण त्या वेळी दुसरं काही लागतच नसे. स्फटिक वाढताना दिसत, समुद्राच्या तळाचे मासे दिसत, आणि त्यामागून संथ इंग्रजीत कुणीतरी बोलत असे. चित्रं कळत, बोलणं कळत नसे. शेजारच्या काकू म्हणायच्या, "बघा रे, डोक्यात काहीतरी जाईल." काहीतरी गेलंही असावं, नाहीतर मी या विषयाकडे वळले नसते. पण काय गेलं आणि काय गेलं नाही, हे त्या पडद्यापलीकडच्या प्राध्यापकाला कळायची काही सोय नव्हती.

वीस वर्षांनी, २० सप्टेंबर २००४ ला, श्रीहरिकोट्याहून एज्युसॅट सुटला. फक्त शिक्षणासाठी सोडलेला हा आपला पहिला उपग्रह. त्याच्या जाळ्यात दोन प्रकारची केंद्रं होती. एका प्रकारात समोरची मुलं प्रश्न विचारू शकत आणि दूरचा शिक्षक त्यांना ऐकू शके. दुसऱ्या प्रकारात फक्त पाहता-ऐकता येई. पहिल्याला साधनं जास्त, खर्च जास्त. मला ही विभागणी फार बोलकी वाटते. तंत्र दोन्ही दिशांचं शक्य होतं, ते बनलंही होतं. पण पैसे मोजायची वेळ आली की कपात नेहमी मुलांच्या बाजूच्या तोंडावर होते, कानांवर होत नाही. एज्युसॅटचं काम २०१० मध्ये थांबलं. तोपर्यंत इंटरनेट आलं होतं आणि सगळे पुढच्या गोष्टीकडे वळले होते.

या सगळ्या काळात महाराष्ट्रात एक गोष्ट मात्र कागदावरच फार चांगली झाली, आणि तिला तंत्रज्ञान म्हणायला लोक कचरतात. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये सुरू झालं. पहिले कुलगुरू राम ताकवले, भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, पुणे विद्यापीठाचं कुलगुरुपद आधी सांभाळलेले. माझ्या आत्यानं लग्नानंतर कितीतरी वर्षांनी तिथून पदवी घेतली. तिची पुस्तकं मी चाळलेली आहेत. मजकूर दोन-तीन पानं चाले, मग थांबे आणि वाचणाऱ्याला प्रश्न विचारे. उत्तर लिहायला जागा, आणि उत्तरं मागे. आत्या स्वयंपाकघरात, कुकरच्या शिट्ट्यांच्या मधे, शिसपेन्सिलीनं तिथे उत्तर लिही, मग मागचं पान उघडून बघे आणि चुकलं असेल तर स्वतःवरच चिडून खोडे. पुस्तक आपल्याकडे वळून 'कळलं का?' असं विचारतंय, हे तिच्या हातात पहिल्यांदा पाहिलं. आमच्या नेहमीच्या कॉलेजातल्या पुस्तकांनी मला कधी काही विचारलं नव्हतं. आमच्याशी त्यांचा संबंध मार्चपुरता.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि जे काम परिपत्रकांना जमलं नव्हतं ते आठवड्याभरात झालं. प्रत्येक प्राध्यापक ऑनलाइन शिकवू लागला. मोबाइल डब्यांच्या उतरंडीला टेकवून, पंखा बंद करून, मागे घरातलं कुणी जाणार नाही याची काळजी घेत. त्या काळाबद्दल एवढं लिहून झालं आहे की नेटवर्कसाठी झाडावर चढणारी मुलं आणि घरातल्या एकाच फोनसाठी भांडणारी भावंडं यांची आठवण नव्यानं काढायला नको. सिंधुदुर्गातल्या एका मुलीनं डोंगरावर जिथे रेंज मिळते तिथे झोपडी बांधून अभ्यास केला, त्याची बातमी तेव्हा गाजली होती. लोकांनी तिच्या जिद्दीचं कौतुक केलं. जिद्द होतीच. पण भर पावसात मुलीला व्याख्यान ऐकायला डोंगरावर जावं लागतं, ही कौतुकाची बातमी कशी झाली, हे मला तेव्हाही कळलं नाही.

मला त्या दिवसांतलं वेगळंच काही लक्षात राहिलं आहे. वर्गात तोंड न उघडणारी एक मुलगी होती. नाव पुकारल्यावर 'यस मॅडम', बस्स. ऑनलाइन वर्गात ती मला एकटीलाच दिसेल असा संदेश पाठवायची. 'मॅडम, मागच्या ओळीत वजा कुठून आलं?' मी फळ्यावर, म्हणजे वहीच्या पानावर, मागे जाऊन बघायची आणि ते वजा समजावून सांगायची, प्रश्न कुणाचा ते न सांगता. हळूहळू तसे संदेश बरेच यायला लागले. सगळे मागच्या बाकावरचे. माझ्या शिकवण्यातल्या कुठल्या पायऱ्या उंच आहेत ते मला त्या संदेशांनी पहिल्यांदा दाखवलं. वर्षानुवर्षं मी वर्गात 'कळलं?' असं विचारत होते आणि पुढचे दोन बाक 'हो' म्हणत होते. सगळा वर्ग त्यांच्या नावानं उत्तीर्ण होत होता.

टाळेबंदी उठली, मुलं वर्गात परतली आणि पुन्हा गप्प झाली. मग ते संदेश वर्गात कसे आणायचे, याची खटपट सुरू झाली.

हार्वर्ड विद्यापीठात एरिक मझूर नावाचे भौतिकशास्त्रज्ञ आहेत. त्यांच्या लक्षात आलं होतं, की आपली मुलं अवघड गणितं सोडवतात, पण त्याच गणितामागची साधी कल्पना विचारली की अडखळतात. १९९१ पासून त्यांनी व्याख्यानाची पद्धतच बदलली. थोडं बोलायचं, मग चार पर्यायांचा एक प्रश्न. प्रत्येकानं शेजाऱ्याला न विचारता उत्तर द्यायचं. बरोबर उत्तरं साधारण तीस आणि सत्तर टक्क्यांच्या मधे असतील तर शिक्षकानं गप्प बसायचं आणि मुलांनी आपसात वाद घालायचा. मग पुन्हा उत्तर. पुढे तिकडे त्यासाठी क्लिकर आले, प्रत्येकाच्या हातात बटणांची डबी. आमच्याकडे लग्नपत्रिका भरपूर होत्या. जाड पुठ्ठ्याच्या, एका बाजूनं कोऱ्या. त्यावर अ, ब, क, ड लिहिलं. पुठ्ठा छातीशी धरायचा, म्हणजे मला दिसेल, शेजाऱ्याला दिसणार नाही.

एक प्रश्न सांगते, कारण तो मला फार आवडतो. दोन सारखे दिवे एकसरीत, म्हणजे एकामागे एक, जोडले आहेत, बॅटरीला. आता दुसऱ्या दिव्याला समांतर असा तिसरा, तसाच दिवा जोडला. पहिल्या दिव्याचं काय होईल? अ, जास्त उजळेल. ब, मंद होईल. क, काहीच फरक नाही. ड, विझेल.

आदल्या आठवड्यात याच वर्गानं किरचॉफच्या नियमांची लांबलचक गणितं धडाधड सोडवली होती. पुठ्ठे वर आले तेव्हा समोर 'क'चं रान होतं. काहीच फरक नाही. मी फळ्यावर काही न लिहिता म्हटलं, "शेजाऱ्याला पटवा." आणि कोपऱ्यात जाऊन उभी राहिले.

वर्गात भांडण लागलं की मला बरं वाटतं. पुठ्ठे नीट ठेवायची शिस्त राहिली नाही. "अरे, करंट आधी पहिल्या दिव्यातून जातो ना? पुढे काय जोडलंय ते त्याला कसं कळणार?" हा मुद्दा एका मुलानं एवढ्या तळमळीनं मांडला की दोन 'अ'वाले डळमळले. तो चूक होता, पण त्याची चूक खरी होती, पुस्तकातून आलेली नव्हती. प्रवाह नदीसारखा एका टोकाकडून निघतो, वाटेत भेटेल त्याला भेटत जातो, असं त्याच्या डोक्यातलं चित्र होतं, आणि सगळी गणितं सोडवूनही ते जागचं हललं नव्हतं. मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "तू जत्रेला रांगेत उभा राहिलास का कधी? बाहेरच्या दारातून एकच रांग आत येते. आत गाभाऱ्याला एक दार होतं, पुजाऱ्यानं दुसरं उघडलं. मग बाहेरच्या दारातून लोक पटपट जातील का नाही?" तो थांबला. "जातील." "मग बाहेरच्या दाराला कसं कळलं?"

पुन्हा पुठ्ठे वर आले तेव्हा बहुतेक 'अ'. मी मग फळ्यावर मांडणी केली: एकूण रोध एका दिव्याच्या दोनपटीवरून दीडपटीवर येतो, प्रवाह वाढतो, पहिला उजळतो, आणि दुसऱ्याच्या वाट्याला आता निम्माच प्रवाह येतो म्हणून तो मंदावतो. पण ते निव्वळ शिक्कामोर्तब होतं. काम आधीच झालं होतं. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत तीन दिवे आणून दाखवले, आणि ज्याला रात्री राहवलं नसेल त्याच्यासाठी फेटचा पत्ता ग्रुपवर टाकला. फेट म्हणजे अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठात २००२ मध्ये सुरू झालेला उपक्रम, नोबेल मिळालेल्या कार्ल वीमन यांनी उभा केलेला. त्यात मोबाइलवर तारा, दिवे, बॅटऱ्या ओढून आणून मंडल जोडता येतं. त्यातले पुष्कळ प्रयोग मराठीतही आहेत. 'क'वाला मुलगा रात्रभर तेच करत बसला असावा, कारण सकाळी त्याचा संदेश होता: चौथा दिवा लावला तर पहिला आणखी उजळतो, पण तेवढा नाही. असं का?

तर पुठ्ठे. आता वर्गात रेंज बरी येते, त्यामुळे कधी कधी मोबाइलवरून मतदान घेते आणि पडद्यावर आलेख लगेच उभा राहतो. मुलांना ते जास्त आवडतं. मला दोन्ही सारखंच. पुठ्ठ्याचा फायदा हा की वीज गेली तरी चालतो, आणि तोटा हा की त्याचा जिओटॅग फोटो 'आयसीटी' खाली लावता येत नाही. मी एकदा विचारून पाहिलं होतं.

मोबाइलबद्दल मात्र मी पक्षपाती झाले आहे. कॉलेजात तो आणू नये असं पूर्वी फलकावर लिहिलेलं असे. मुलांच्या खिशातला तो फोन म्हणजे मापनाच्या उपकरणांची पेटी आहे, हे मला जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठानं २०१६ मध्ये काढलेल्या फायफॉक्स या ॲपनं दाखवलं. फोनमध्ये त्वरण मोजणारा संवेदक असतो, चुंबकीय क्षेत्र मोजणारा असतो, माइक असतो. ॲप त्यांचं मोजमाप उघडं करून दाखवतं, आलेखासकट. फुकट.

पहिल्या सत्रात गुरुत्वत्वरण, म्हणजे पडत्या वस्तूचा वेग दर सेकंदाला किती वाढतो ते, काढायचा प्रयोग असतो. आमच्या जर्नलांमध्ये हे उत्तर पिढ्यान्‌पिढ्या ९.८ आलेलं आहे. कसं आलं ते सर्वांना ठाऊक आहे: मागच्या वर्षीच्या मुलाचं जर्नल. उत्तर आधी, वाचनं नंतर. मी एके वर्षी हा प्रयोग घरी करायला दिला. फायफॉक्समध्ये आवाजावर चालणारं घड्याळ आहे. पहिल्या आवाजाला सुरू होतं, दुसऱ्या आवाजाला थांबतं. टेबलाच्या कडेवर गोटी ठेवायची, तिला पट्टीनं टिचकी मारायची. टक् झालं की घड्याळ सुरू. गोटी जमिनीवर पडली की दुसरा टक्, घड्याळ बंद. उंची मोजा, काळ घ्या, सूत्रात घाला.

पहिल्याच संध्याकाळी ग्रुपवर गोंधळ. घड्याळ आपोआप सुरू होतंय. पंखा बंद करा. तरी होतंय. शेजारी डीजे आहे. मग आवाजाची मर्यादा वाढवा. आता गोटी पडल्याचं ऐकू जात नाही. मातीची जमीन आहे, मॅडम. तिथे एका जोडीनं शक्कल लढवली: खाली स्टीलची परात उपडी ठेवली. खणखणीत आवाज. टेबल ७५ सेंटिमीटर, वेळ ०.३८ सेकंद, उत्तर १०.४. दुसऱ्यांनी वेळ आणली ०.३९, उत्तर ९.८६. एका शतांश सेकंदानं उत्तरात ०.५ हून जास्त फरक पडतो, हे पाहून वर्ग हबकला. १०.४ वाली जोडी ओशाळली आणि त्यांना आकडा 'नीट' करून आणायचा होता. मी करू दिला नाही. पंधरा-वीस वाचनं घेतली, तरी ०.३८. मग त्यातल्या एकाच्या आईनं परात परत मागितली. तो उचलायला वाकला आणि तसाच थांबला. परातीची उंची! गोटी जमिनीपर्यंत पोचतच नव्हती. साडेतीन सेंटिमीटर वरच परातीच्या पाठीवर आदळत होती. ७५ च्या जागी ७१.५ घातले आणि उत्तर ९.९ आलं. त्यांच्या जर्नलात त्या वर्षी १०.४ ही आहे आणि ९.९ ही आहे, आणि मधे परातीचं चित्र आहे. इतकं प्रामाणिक जर्नल बाहेरून आलेल्या परीक्षकांनी आधी पाहिलं नसावं; त्यांनी ते पुन्हा पुन्हा उलटून पाहिलं आणि विचारलं, "हे सिलॅबसमध्ये आहे का?"

दुसरं प्रकरण एसटीचं. आमची निम्मी मुलं आसपासच्या गावांतून पासावर येतात. एसटी ब्रेक मारते तेव्हा मंदन किती असतं, असा साधा सवाल. फोन पुढच्या सीटच्या दांड्याला रबरबँडनं आवळून बांधला. अडचण पहिलीच अशी की स्वस्त फोनांत जायरोस्कोप, म्हणजे फोन किती वळला ते मोजणारा संवेदक, नसतो, त्यामुळे गुरुत्व वगळून आलेले आकडे भरवशाचे नसतात किंवा मिळतच नाहीत. गुरुत्वासकट घ्यायचे आणि ते स्वतः वजा करायचं. हे वजा करताना फोन किती तिरका बसलाय याचा विचार करावा लागला, आणि सदिश (दिशाही असलेली राशी) नावाची जी गोष्ट मी फळ्यावर बाण काढून दमले होते ती बसमध्ये आपोआप शिरली. दुसरी अडचण रस्ता. आलेखात ब्रेक दिसेचना; नुसते खड्डे. शेवटी एकानं घड्याळ घेऊन थांबे टिपायचे आणि दुसऱ्यानं आलेखात त्या क्षणापाशी शोधायचं, असं ठरलं. कंडक्टरनं विचारलं, "काय रे पोरांनो, रस्ता मोजताय का?" "नाही काका, ब्रेक मोजतोय." "रस्ता मोजा. मोजा आन् पाठवा आमदाराला."

याच्या शेजारी आभासी प्रयोगशाळा ठेवून बघावीशी वाटते. केंद्र सरकारच्या २००९ मधल्या अभियानातून त्या उभ्या राहिल्या. आयआयटींसह पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी संस्थेचाही त्यात वाटा आहे. आमच्याकडे जी उपकरणं कधी येणारच नाहीत त्यांच्यासाठी त्या वरदान आहेत, आणि टाळेबंदीत त्यांनी लाज राखली. पण पडद्यावरची तार कधी सुटत नाही. आमच्या प्रयोगशाळेत निम्मा तास कुठली वायर आतून तुटली आहे ते शोधण्यात जातो, आणि मला तो वाया गेलेला वाटत नाही. पडद्यावरच्या प्रयोगाला परात नसते.

स्वयम् बद्दल लोक मला हमखास विचारतात. ९ जुलै २०१७ ला केंद्र सरकारचं हे ऑनलाइन अभ्यासक्रमांचं व्यासपीठ सुरू झालं. २०२१ च्या नियमांनी एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय मुलांना तिथून घ्यायची मुभा आहे. त्याआधी २००३ पासून आयआयटींचं एनपीटेल हे व्हिडिओ व्याख्यानांचं भांडार होतंच. व्याख्यानं उत्तम आहेत. मीच त्यातून बरंच शिकले आहे. पण व्याख्यान सुरू करून मोबाइल उशाशी ठेवून झोपणारी मुलंही मला माहीत आहेत. आम्ही पाच-सहा जण शनिवारी एकत्र बसून बघतो. बोर्डाचं पेन मिळालं तर पडद्यावर, नाहीतर लॅपटॉपवर. दहा मिनिटांनी मी थांबवते आणि विचारते, आता ते पुढे काय म्हणतील? मुलं पैजा लावतात. एवढ्या प्रचंड व्यवस्थेतलं मला सगळ्यात उपयोगी पडलेलं बटण ते, थांबवायचं. मुंबईच्या आयआयटीतला स्पोकन ट्यूटोरियल हा उपक्रम तर हे धरूनच बेतलेला आहे: दहाएक मिनिटांचा छोटा पाठ, पडद्यावर सॉफ्टवेअर इंग्रजीत, कानात निवेदन मराठीत, आणि मधे थांबून स्वतः करून बघायचं. आमच्या मुलांना पायथॉनमधलं प्रोग्रॅमिंग त्यातून आलं, मला शिकवावं लागलं नाही. भाषेची अडचण अशी बाजूला झाली की मुलं किती भराभर पुढे जातात, ते एकदा बघण्यासारखं आहे.

आपल्याकडे मराठी मजकुराची अडचण आम्ही स्वतः तयार करून ठेवलेली आहे, हे जाता जाता. विभागातली वीस वर्षांची प्रश्नपेढी जुन्या फाँटांत टाइप केलेली. एलएमएसवर चढवली की 'विद्युतधारा' जाऊन तिथे चौकोन आणि परदेशी चिन्हांची माळ. युनिकोडमध्ये बदलणारी साधनं आहेत, पण जोडाक्षरं आणि समीकरणं एका ओळीत आली की ती हात टेकतात. ती पेढी आम्ही तिघी दुपारी बसून पुन्हा टाइप करतोय. कुठल्याही अहवालात या कामाला रकाना नाही.

परीक्षेबद्दल थोडक्यात. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठानं उन्हाळी परीक्षेच्या उत्तरपत्रिका एकदम पडद्यावर तपासायला घेतल्या, निकाल महिनोन्‌महिने रखडले, आणि ऑक्टोबरमध्ये राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरून दूर केलं. घाई भोवली, यंत्रापेक्षा जास्त. पडद्यावर तपासायला आता मीही सरावले आहे. बेरजेची चूक होत नाही, गठ्ठे वाहावे लागत नाहीत. पण तो तपास संपतो गुणांवर. हा मुलगा चौथ्या पायरीवर का घसरला, हे तपासणाऱ्याला दिसतं आणि तिथेच विरतं. कागदावर तपासतानाही तसंच विरत होतं, हे खरं. पण यंत्र आल्यावर तरी ते शिकवणाऱ्यापर्यंत पोचवता आलं असतं. प्रत्येक प्रश्नाचे गुण त्याच्याजवळ वेगवेगळे नोंदलेले असतात. कुणी मागितलं तर.

आणि आता नोव्हेंबर २०२२ नंतरचा पाहुणा, चॅटजीपीटी. गृहपाठ एकाच सुरात येऊ लागले, परिच्छेद गुळगुळीत, शुद्धलेखन माझ्यापेक्षा बरं. स्टाफरूममध्ये दोन तट पडले आहेत: बंदी घाला, नाहीतर शरण जा. मी गृहपाठ तोंडी केला. काय वापरायचं ते वापरून या, छापून आणा, आणि समोर बसून सांगा की यातली कुठली पायरी तुम्ही स्वतः पडताळली, कशी पडताळली. पाच मिनिटं पुरतात. वेळ खूप जातो, हे सहकाऱ्यांचं म्हणणं बरोबर आहे. साठ मुलांना पाच-पाच मिनिटं म्हणजे पाच तास. ते कुठून आणायचे? मी सध्या फोटोंच्या फायलीतून आणते. ती यंदा मागे पडली आहे.

पुढच्या सत्रात घाटाची उंची मोजायची आहे. हवेचा दाब दर आठ-नऊ मीटरला साधारण एक मिलिबारनं उतरतो, आणि तो टिपणारा संवेदक काही महागड्या फोनांत असतो. मुलांच्या फोनांत तो नाही, म्हणून विभागासाठी एक फोन मागितला. खरेदी समितीनं दोन शंका काढल्या. फोन 'उपकरणे' या शीर्षात बसतो का, आणि डेडस्टॉक (टिकाऊ वस्तूंच्या) रजिस्टरमध्ये त्याची नोंद कशी करायची. मी अर्ज बदलून 'वायुदाब मोजण्याचे उपकरण, संवेदकासह' असा केला. तो लगेच मंजूर झाला, तीन पुरवठादारांकडे कोटेशनं मागवली गेली, आणि परवा तिन्ही आली. तिघांनीही लाकडी फळीवर बसवलेल्या, पाऱ्याच्या फोर्टिन बॅरोमीटरचा दर दिला आहे. उंची जवळजवळ एक मीटर. एसटीत तो कसा न्यायचा, हे मुलं ठरवताहेत.